तीसपट म्हणजे किती?

अतिशयोक्ती अलंकार शिकवताना पूर्वी मी वर्गात जुन्या कवींची उदाहरणे देत असे. अलीकडे एक सोपी युक्ती सापडली आहे. कॅमेऱ्याचे एखादे रिकामे खोके बरोबर नेतो आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. ‘तीसपट झूम!’ ‘वीस मेगापिक्सेल!’ ‘एक इंची सेन्सर!’ मुले खूश होतात, कारण हे परीक्षेत विचारणार नाहीत याची त्यांना खात्री असते. आणि मीही खूश होतो, कारण या तिन्ही शब्दप्रयोगांत धडधडीत खोटे असे काहीच नसून खरेही फारसे काही नाही. उत्तम अतिशयोक्तीचे लक्षण तरी दुसरे कोणते असते?

पण दिवाळीच्या दिवसांत हा विषय अलंकारावर सोडून भागत नाही. बोनस हातात पडतो, नाताळच्या सुटीतल्या सहलींचे बेत सुरू होतात, आणि या सदराच्या वाचकांपैकी कोणी ना कोणी भाजीबाजारात गाठून विचारतेच, “काय हो, खिशात मावणारा, लांबचे टिपणारा तो कॅमेरा घ्यावा का? की मोबाइलवर भागते?” यंदा हा प्रश्न घरातूनच आला. तेव्हा नुसते हसून पुढे जाण्याची सोय उरली नाही.

आधी बाजारातली स्थिती पाहू. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले. २०२३ साली जेमतेम ७७ लाख. मधल्या काळात मोबाइलने छोट्या कॅमेऱ्यांचे अख्खे कूळ गिळले. जिथे मोबाइलचा हात पोचत नाही तिथे पोचणारे काही थोडे मात्र तग धरून राहिले. पॅनासॉनिकचा टीझेड ९० हा २०१७ सालचा, कॅननचा एसएक्स ७४० हा २०१८ सालचा, आणि २०२५ साली आलेला पॅनासॉनिकचा टीझेड ९९, ही या जातीतली ठळक नावे. पॅनासॉनिकचे दोन तीसपट, कॅननचा चाळीसपट. वजन तीनशे ग्रॅमच्या जरा इकडेतिकडे. खिशात जातो, मात्र खिसा सदऱ्याचा नको, कोटाचा हवा.

आता तीसपट म्हणजे किती ते पाहू. वस्तू तीसपट जवळ दिसते असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. भिंगाचे सर्वांत आखूड टोक आणि सर्वांत लांब टोक यांचे हे गुणोत्तर आहे. खोक्यावर ‘२४ ते ७२० मिलिमीटर’ असे छापलेले असते. ७२० ला २४ ने भागले की ३० येतात. पण २४ च्या टोकाला कॅमेरा वस्तू आपल्या डोळ्यांहून निम्म्याने लहान दाखवतो, कारण त्याला सबंध दिवाणखाना एका चौकटीत कोंबायचा असतो. नुसत्या डोळ्यांना वस्तू जशी दिसते तशी ती साधारण ५० च्या आसपास दिसते. म्हणून ७२० ला ५० ने भागावे. उत्तर चौदा-साडेचौदा. हा खरा हिशेब. आणि चौदापट म्हणजे काही थोडे झाले असे नाही! साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग विकायला आले ते १९५९ साली. फोग्टलेंडर कंपनीचे ते भिंग ३६ ते ८२ चे, म्हणजे जेमतेम सव्वादोनपटीचे होते.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एवढे एकच सूत्र लक्षात ठेवावे. ७२० च्या टोकाला चौकटीत मावणारी रुंदी ही अंतराच्या विसाव्या भागाएवढी असते. वीस मीटरवर एक मीटर, शंभर मीटरवर पाच मीटर. उंची तिसाव्या भागाएवढी. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला मोठा रोहित पक्षी चाळीस मीटरवरून चौकट भरून येतो, तो या हिशेबाने. हे सूत्र घेऊन दुकानात गेलात तर विक्रेता जरा जपून बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे.

घरातून प्रश्न आला असे म्हटले, तो आमच्या मामांकडून. मामा निवृत्त आहेत. बँकेत तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. आता स्वतःची सही जुळत नाही, कारण उजवा हात कापतो. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले आहे. मामा ‘थरथर’ म्हणतात. गुडघ्यांमुळे जिने उतरणे बंद, त्यामुळे सारा दिवस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. समोर, साधारण पंधरा मीटरवर, एक जुना गुलमोहर आहे. त्याच्या वाळलेल्या शेंड्यावर रोज सकाळी तांबटाची जोडी उन्हाला येऊन बसते. लाल कपाळ, पिवळा गळा, हिरवे अंग आणि तांबे ठोकावे तसा टुक्-टुक् आवाज. मामांनी मोबाइलवर त्यांचे कितीतरी फोटो काढले. प्रत्येकात एक हिरवट डाग.

बंगळूरच्या चिरंजीवांनी ‘नवा मोबाइल पाठवतो’ म्हटले. मामींनी ‘या वयात कसले हे खूळ’ म्हटले. मामांनी दोघांकडेही दुर्लक्ष केले आणि मला बोलावून घेतले.

“हे बघ,” ते म्हणाले, “ठेवीचे व्याज आले आहे. कॅमेरा चांगला असेल तर घेईन. पण माझा हातच कामातून गेला असेल तर तसे स्पष्ट सांग. उगाच मन राखू नकोस.”

तेव्हा मला परीक्षा करायची होती ती नुसत्या कॅमेऱ्याची नव्हे. फोटो पुसट आला तर त्यातला दोष भिंगाचा किती, उजेडाचा किती आणि हाताचा किती, याची वाटणी करून द्यायची होती. कॅमेरा न आवडला तर परत करता येतो. हाताचे तसे नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून अशाच जातीचा कॅमेरा पंधरा दिवसांसाठी मागून आणला : २४ ते ७२० चा, डोळ्याशी लावून पाहायची खिडकी असलेला. कंपनीचे नाव सांगत नाही. जे आढळले ते या साऱ्या जातीला लागू आहे, एकट्याला बोल कशाला?

पहिल्याच सकाळी मामांनी वीस फोटो काढले. तांबट आता डाग राहिला नव्हता, पक्षी झाला होता. सोळा-सतरा सेंटिमीटरचा हा जीव पंधरा मीटरवर चौकटीच्या पाचव्या भागाएवढा येतो. चोचीजवळच्या मिशासुद्धा दिसू शकतात. दिसू शकतात म्हटले, कारण वीसपैकी अठरा चित्रांत त्या दिसत नव्हत्या. मामांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “कळले.”

“मामा, कळले नाही,” मी म्हणालो. “आधी फांदी पाहू.”

वाचकहो, या लेखातले कामाचे असे काही असेल तर ते इथे आहे. लांबून घेतलेला फोटो पुसट येण्याची कारणे चार, आणि चारांची खूण वेगवेगळी. हात हलला असेल तर पक्षी आणि फांदी दोन्ही एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसतात. फांदी रेखीव आणि पक्षी तेवढा पुसट असेल तर हात निर्दोष. पक्षी हलला आणि उजेड कमी असल्यामुळे कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे राहिले. सगळेच सारखे मऊ, पिसे एकमेकांत मिसळलेली, जलरंगाचा ओला कुंचला फिरवल्यासारखी असतील, तर ती भिंगाच्या आणि सेन्सरच्या मर्यादेची खूण. आणि कडा नागमोडी दिसत असतील, लागोपाठच्या दोन फोटोंत वेगवेगळ्या वाकत असतील, तर मधली तापलेली हवा दोषी. ऑक्टोबरात दुपारी गच्चीवरून काही टिपून पाहा. जगातला सर्वांत महाग कॅमेराही तिथे काही करू शकणार नाही.

मामांच्या अठरा फोटोंची आम्ही संगणकाच्या पडद्यावर एकेक करून फांदी पाहिली. नऊ हाताचे निघाले. सहांत फांदी स्वच्छ होती. तांबट मान फिरवत होता. तीन सकाळी अगदी लवकरचे, धुक्याच्या उजेडातले. त्यांत कुणाचाच दोष नव्हता, उजेडच नव्हता.

हा उजेडाचा मुद्दा सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण जाहिरात इथेच गप्प बसते. इतके लांबचे भिंग इतके छोटे होते कसे? युक्ती सेन्सरमध्ये आहे. या जातीच्या कॅमेऱ्यात चित्र ज्या पट्टीवर उमटते ती जेमतेम ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद असते. हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा समजा. व्यावसायिकांच्या मोठ्या कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने तीसपट. (तीसपट खरी ती ही!) पट्टी लहान असली की खरे १२९ मिलिमीटरचे भिंग ७२० चे काम करते. पण उजेड ज्या वाटेने आत येतो ती वाटही मग तशीच चिमुकली. लांब टोकाला भिंगाचा एफ आकडा ६.४ असतो, १२९ ला त्याने भागले की वीस मिलिमीटर. अलीकडचे रुपयाचे नवे नाणे जेवढे, तेवढी ती वाट. पक्षी पाहणाऱ्यांच्या साध्या दुर्बिणीचे पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असते. जे काही टिपायचे ते सारे रुपयाएवढ्या भोकातून येणाऱ्या उजेडात, हे एकदा मनाशी पक्के केले की या कॅमेऱ्याकडून काय मागावे आणि काय मागू नये हे आपोआप ठरते.

मेगापिक्सेलचेही तसेच. प्रकाश लहान भोकातून गेला की थोडा पसरतो. त्याचा बिंदू बिंदू न राहता बारीकसा ठिपका होतो. १८३५ साली जॉर्ज एअरी या इंग्रज ज्योतिर्विदाने या ठिपक्याचे गणित मांडले, आणि ते कोणत्याही कंपनीला चुकवता आलेले नाही. आपल्या कॅमेऱ्याच्या लांब टोकाला हा ठिपका साडेआठ मायक्रॉनचा होतो, आणि पिक्सेल असतो सव्वा मायक्रॉनहूनही लहान. म्हणजे ओळीने सात पिक्सेल एकाच ठिपक्याच्या वाट्याला आले. सात जणांनी एकाच ताटात जेवायचे आणि यजमानाने मात्र सात पाने वाढली म्हणून सांगायचे! वीस मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण मोठा करून पाहिला की मऊ दिसतो, तो यामुळे. अल्बममधल्या आकाराची प्रत सुरेख निघते. भिंतीभर करू नये.

आणि खोक्यावरचा ‘डिजिटल झूम’ हा शब्द तर वाचूच नये. ती पोळी लाटून मोठी करण्यातली गंमत आहे, कणीक तेवढीच.

मग चिरंजीवांचा मोबाइल काय वाईट, असे कोणी म्हणेल. घरातल्या घरात, संध्याकाळी, माणसांचे फोटो काढायला मोबाइल या कॅमेऱ्याहून सरस आहे, हे मी निःसंकोच सांगतो. तो एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो आणि उजेडाची उणीव बुद्धीने भरून काढतो. परंतु लांबच्या बाबतीत तीच बुद्धी जरा अधिक होते. चांगल्या मोबाइलचे लांब भिंग १२० च्या आसपासचे असते. पंधरा मीटरवर त्याच्या चौकटीत साडेचार मीटर रुंदी मावते आणि तांबट तिच्यात अठ्ठाविसावा भाग. उरलेले तो अंदाजाने रंगवतो. २०२३ साली एका गृहस्थाने चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र पडद्यावर लावून एका नामांकित मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोत नसलेली विवरे उमटली! मला तांबटाच्या मिशा पाहिजेत त्या तांबटाच्या. यंत्राला मिशा कशा असाव्यात असे वाटते, ते नकोत. छोट्या कॅमेऱ्याचा पुसटपणा निदान प्रामाणिक असतो. फांदी पाहून त्याचे कारण तरी सांगता येते.

चंद्राचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कोजागिरीला आम्ही गच्चीवर तो प्रयोगही केला. दूध आटेपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने चंद्र टिपला. तो चौकटीच्या उंचीच्या पावभागाहून किंचित मोठा येतो आणि हातात धरूनही रेखीव येतो, कारण रात्र आपल्याकडे असली तरी चंद्रावर भर ऊन असते. मात्र विवरांची मौज पाहायची असेल तर पौर्णिमा सोडून अष्टमीच्या सुमाराचा चंद्र घ्यावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात.

‘एक इंची’ सेन्सरबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडेसे. तो एक इंच नसतो. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेले ते नाव; पट्टी प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. डाळीच्या दाण्याच्या चौपट क्षेत्रफळ, म्हणून चित्र नितळ. पॅनासॉनिकच्या २०१८ सालच्या टीझेड २०० मध्ये ती आहे, पण भिंग ३६० पर्यंतच जाते. ७२० एवढे जवळ आणायचे तर मधला पाव तुकडा कापून घ्यावा लागतो, आणि तो तुकडा मोजला तर ६.६ बाय ४.४ येतो : पुन्हा डाळीचा दाणा! तेव्हा माणसे, देवळे, घाट, बाजार असे सर्व काही टिपायचे असेल त्याने हा घ्यावा. ज्याचे सारे लक्ष एका शेंड्यावर आहे त्याने जादा पैसे घालू नयेत.

कोणी घेऊ नये हेही सांगून टाकतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून कन्येचा नाच टिपण्यासाठी हा कॅमेरा घेऊ नये. अंधारे सभागृह, हलती मुलगी, रुपयाएवढे भोक. तिन्ही गोष्टी विरुद्ध. त्यापेक्षा कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन पुढची खुर्ची धरावी. ती फुकट मिळते. लग्नाच्या हॉलचेही तेच. उलट ठाण्याच्या खाडीतले रोहित, गडावरून दिसणारे खालचे गाव, देवळाच्या शिखरावरची मूर्ती, इथे तो रंगात येतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात तर पर्यटकांना मोबाइल वापरताच येत नाही, तिथे याच्यासारखा सोबती नाही. भिगवणच्या होडीत दुसरा लाभ असा की नावाड्याला ‘आणखी जवळ घे’ म्हणून पक्षी उठवायला लावावे लागत नाही.

दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. दुकानातले दिवे कॅमेरा विकण्यासाठीच लावलेले असतात. म्हणून फुटपाथवर येऊन समोरच्या इमारतीवरची पाटी पूर्ण झूमने टिपावी, मग तीच एखाद्या जिन्याच्या सावलीतून. प्रत्येकी दहा फोटो. घरी येऊन स्वच्छ किती ते मोजावे आणि मग पैसे काढावेत. जुना घेत असाल तर पूर्ण झूम लावून मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या; काळसर डाग दिसले तर नमस्कार करून उठा. हे भिंग दुर्बिणीसारखे टप्प्याटप्प्याने बाहेर येते, आत जाताना धूळ ओढते, आणि आतली धूळ घरी पुसता येत नाही.

राहिली डोळ्याशी लावायची खिडकी. मामांच्या प्रकरणात सारा निकाल तिने दिला. जुने फोटोग्राफर सांगत, भिंग जितक्या मिलिमीटरचे, सेकंदाचा तितकावा भाग झाकण उघडे ठेवा. म्हणजे इथे सातशेविसावा. आता भिंगातला एक तुकडा हाताच्या कंपाच्या उलट सरकून तोल सावरतो, त्यामुळे शंभराव्या भागातही पुष्कळांचे निभते. मामांचे निभत नव्हते, कारण पडदा दिसावा म्हणून ते कॅमेरा हातभर पुढे धरत. खिडकी डोळ्याला लावली, कोपरे बरगड्यांशी टेकवली, की कपाळ हा तिसरा आधार होतो. त्यात मामींनी शिवलेली वीतभर कापडी पिशवी मूग भरून कठड्यावर ठेवली आणि तिच्यात भिंगाखालचा भाग रुतवला. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून एकेक न काढता बोट ठेवून पाच-सहा लागोपाठ काढायचे. पहिला फोटो बोटाचा, तिसरा-चौथा आपला.

पंधराव्या दिवशीच्या वीस फोटोंत हाताने बिघडलेले तीन होते. मी ते तीन वेगळे काढून मामांपुढे ठेवले, कारण त्यांनी मन राखू नकोस म्हणून बजावले होते. त्यांनी बाकीचे सतरा पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तीन हातात घेऊन म्हणाले, “हे माझे. मान्य.” आणि सही पडताळावी तसे एकेका फोटोतली फांदी बोटाने तपासू लागले.

नव्या टीझेड ९९ मध्ये ती खिडकी नाही, म्हणून धनत्रयोदशीला ते खिडकीवाला जुनाच घेणार आहेत. आकाशाचा फोटो काढून पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. पिशवीत तांदूळ भरू नयेत, किडे होतात आणि शिवणीतून कणी गळते. मूग बरे. मामींनी ते मोजून दिले आहेत, अर्धा किलो, आणि संक्रांतीच्या खिचडीपर्यंत परत हवेत असे सांगितले आहे.